वॉशिंग मशीनवरचं 'एआय'

दुकानातल्या वॉशिंग मशीनवर हल्ली 'एआय'चा ठळक स्टिकर असतो. पण ते मशीन नेमकं करतं काय? ड्रम थोडा फिरवून मोटरवर किती ताण येतो त्यावरून कपड्यांचं वजन ओळखतं, काही मॉडेलांत पाण्याचा गढूळपणाही मोजतं आणि त्यानुसार पाणी व वेळ ठरवतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने असं मशीन १९९० सालीच बाजारात आणलं होतं. तेव्हा त्याला 'फझी लॉजिक' म्हणत. सोय चांगलीच आहे, पण नवी नाही.

कोणी म्हणेल, आजची मशीन भरपूर माहितीवर शिकलेली असतात, कापडाचा पोतही ओळखतात. काहींबाबत ते खरं आहे. फोनवरचं भाषांतर किंवा अंधारातले फोटो पाहिले तर या तंत्राची ताकद नाकारता येत नाही. म्हणूनच प्रत्येक दावा वेगळा तपासायला हवा. उदाहरणार्थ, २०२४ साली ६९९ डॉलरला विक्रीस आलेली, कपड्यांवर लावायची ह्युमेन कंपनीची 'एआय पिन' फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडली. सर्व्हर थांबले आणि ग्राहकांच्या हाती जवळजवळ निकामी वस्तू उरली. तेव्हा जास्तीचे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला जरूर विचारा: हे यंत्र काय मोजतं, त्यावरून काय बदलतं आणि इंटरनेट नसताना यातलं काय चालतं?