सार्वजनिक सुविधा व हरित क्षेत्रे, नगररचनेतील

नगरातील वा मोठ्या गावातील रहिवाशांच्या सामाईक उपयोगासाठी राखून ठेवलेल्या जागा व तेथील सोयी. शाळा, दवाखाने, बाजार, वाचनालये, अग्निशामक केंद्रे, स्मशानभूमी, स्वच्छतागृहे इत्यादींचा समावेश सार्वजनिक सुविधांत होतो. उद्याने, क्रीडांगणे, तलावांचे व नद्यांचे काठ, रस्त्यांकडेची वृक्षराजी यांना हरित क्षेत्रे म्हणतात. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, ही शाश्वत विकासाची कल्पना ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे (१९८७) सर्वत्र रूढ झाली. नगररचनेत ती प्रथम जमिनीच्या वाटणीतून प्रकट होते. कारण एकदा बांधकामाखाली गेलेली जमीन पुन्हा मोकळी होणे जवळजवळ अशक्य असते.

ऐतिहासिक आढावा : औद्योगिक क्रांतीनंतर दाटीवाटीने वाढलेल्या यूरोपीय शहरांतील रोगराईमुळे मोकळ्या जागांचे महत्त्व प्रकर्षाने जाणवू लागले. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली व तीनुसार १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये लेचवर्थची उभारणी सुरू झाली. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये प्राथमिक शाळा केंद्रस्थानी असलेल्या शेजारगटाची कल्पना मांडली. घरापासून शाळा व क्रीडांगण मुलांना पायी गाठता यावे, हे तिचे सूत्र होय.

भारतात मुंबई प्रांताचा १९१५ चा नगररचना अधिनियम हा या विषयावरील पहिला कायदा होय. पॅट्रिक गेडिस हे १९१४ मध्ये भारतात आले व १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून तेथे छोटे चौक करावेत, झाडे लावावीत आणि विहिरी व तलाव बुजवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

महाराष्ट्रातील तरतुदी : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण विकास योजना तयार करते व तीत शाळा, रुग्णालये, बाजार, उद्याने इत्यादींसाठी जमिनी आरक्षित करते. अशी जमीन परस्पर कराराने, हस्तांतरणीय विकास हक्क देऊन किंवा भूसंपादनाने मिळविता येते. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालक प्राधिकरणाला खरेदीसूचना देऊ शकतो व त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते (कलम १२७). ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. केवळ ठराव संमत करणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडवून ठेवणे अन्यायाचे आहे, हे या कलमाचे तत्त्व. परंतु स्थानिक संस्थेकडे पैसा नसल्यास नकाशावरील उद्यान नकाशावरच राहते आणि त्याची हानी परिसरातील सर्व रहिवाशांना सोसावी लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०·४ हेक्टर वा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात किमान १० टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौ. मी. मोकळ्या जागेची शिफारस आहे. वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे.

सोलापूर जिल्हा : पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे सावली व पाणी धरून ठेवणारी जमीन ही येथे चैनीची नव्हे, तर गरजेची बाब ठरते. सोलापूर शहरात सिद्धेश्वर तलाव, त्यालगतचा भुईकोट किल्ला व होम मैदान यांमुळे शहराच्या मध्यभागी मोठी मोकळी जागा टिकून राहिली आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरते. म्हणजे धार्मिक परंपरेनेच एका सार्वजनिक मैदानाचे रक्षण केले आहे. पंढरपूर येथे स्थायी लोकसंख्येच्या कितीतरी पट वारकरी आषाढीला येतात. त्यांच्या निवासासाठी चंद्रभागेच्या पैलतीरावरील ‘६५ एकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात पाणी, वीज व स्वच्छतागृहे यांची सोय करण्यात आली. सुविधांचे मोजमाप केवळ जनगणनेवरून करता येत नाही, हे यावरून दिसते.

पंढरपूर तालुक्यातीलच करकंब हे मोठे गाव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. ग्रामपंचायत ही १९६६ च्या अधिनियमाखालील नियोजन प्राधिकरण नसल्यामुळे अशा गावांना स्वतःची विकास योजना करता येत नाही. तेथील सामाईक जागा म्हणजे मुख्यतः गावठाणातील चौक, बाजारतळ, शाळेचे पटांगण, देवळांचा परिसर, ओढ्याकाठ व गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ (कलम २२) नुसार गुरचरण, स्मशान इत्यादींसाठी शासकीय जमीन नेमून देता येते. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले. तथापि वस्ती वाढू लागली, की प्रथम याच जागांवर ताण येतो. पुढे अशा गावाला नगरपंचायत मिळाली, तरी तोवर आरक्षणासाठी मोकळी जमीन उरलेली नसते. म्हणून गाव नगर होण्यापूर्वीच सामाईक जमिनींची मोजणी, हद्दनिशाणी व नोंद होणे हितावह ठरते.

रचना व निगा : कमी पावसाच्या प्रदेशात सतत पाणी लागणाऱ्या हिरवळीपेक्षा कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, करंज यांसारखी सावली देणारी झाडे अधिक उपयुक्त असतात. फरसबंदी कमी ठेवल्यास पावसाचे पाणी मुरते. ओढ्यांचे पात्र मोकळे असल्यास पुराचा धोका घटतो. एका मोठ्या उद्यानापेक्षा वस्तीवस्तीतील लहान बागा वृद्ध, स्त्रिया व मुले यांना सोयीच्या पडतात. मात्र दिवे, बसण्याची जागा, स्वच्छतागृह व नियमित देखभाल नसल्यास त्या ओस पडतात व अतिक्रमणास बळी पडतात. सर्वांना सुरक्षित हरित जागा २०३० पर्यंत उपलब्ध व्हाव्यात, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारले. ते साध्य होणे हे नव्या उद्यानांच्या निर्मितीइतकेच आज मोकळ्या असलेल्या जागांच्या रक्षणावर अवलंबून आहे.