शाखा की फ्रँचायझी? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतःची शाखा काढली की जागा, माल, कामगार आणि तोटा सगळे मूळ मालकाचे. फ्रँचायझीत दुकान दुसऱ्याच्या पैशाने उभे राहते. मालक नाव, कृती आणि पद्धत वापरू देतो, त्याबद्दल सुरुवातीची फी आणि दरमहा रॉयल्टी घेतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी उतरवायची वेळ आली की दुकानदाराला या दोहोंतून निवडावे लागते आणि ही निवड बहुधा ऐकीव माहितीवर होते.

फ्रँचायझी म्हणजे बिनभांडवली वाढ, हा त्यातला सर्वांत पसरलेला गैरसमज. दुकानाचा खर्च वाचतो हे खरे. पण मिसळीचा कट ज्या हाताच्या अंदाजाने जमतो, तो अंदाज दुसऱ्या गावी पाठवता येत नाही. मसाला एका जागी कुटून, तोलून, पाकिटबंद करून द्यावा लागतो. एका पाकिटाला पाणी किती, उकळी किती वेळ, हे लिहून काढावे लागते. शिकवायला आणि अचानक जाऊन तपासायला माणूस ठेवावा लागतो. त्याआधी नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला हवा. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे चालते. फ्रँचायझी देणारा यापुढे मिसळीपेक्षा मसाला आणि शिस्त विकणार असतो. तो वेगळाच धंदा आहे.

रॉयल्टी नफ्यावर असते, असेही अनेकांना वाटते. ती सहसा विक्रीवर असते. महिन्याला ५ लाखांची विक्री आणि ६ टक्के रॉयल्टी धरली तर ३०,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,४००. ५ टक्के जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे ३५,४०० रुपये खर्चीच पडतात, महिना तोट्यात गेला तरी. खरा खटका इथेच उडतो: मूळ मालकाला विक्री वाढायला हवी, मग सवलती देऊन का होईना, चालवणाऱ्याला गल्ल्यात काय उरते ते पाहायचे असते.

मोठे ब्रँड फ्रँचायझीनेच वाढले, हे अर्धसत्य. मॅकडॉनल्ड्सची जगभरातली बहुतेक दुकाने फ्रँचायझीची आहेत. डॉमिनोजचे भारतातले हक्क मात्र जुबिलंट फूडवर्क्सकडे आहेत आणि ती कंपनी दुकाने स्वतःच चालवते. ‘डॉमिनोजची एजन्सी मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून त्यामुळेच दूर राहावे.

स्वतःच्या शाखेवर ताबा पूर्ण असतो, हेही तितकेसे खरे नाही. दर किंवा पदार्थ उद्यापासून बदलता येतात, ही मोठीच सोय. पण सिलिंडर आणि कांद्याची नासाडी पगारी मॅनेजरपेक्षा स्वतःचे पैसे गुंतवलेल्या माणसाच्या डोळ्यांत लवकर खुपते. मालक रोज जाऊ शकेल अशा अंतरावर स्वतःची शाखा बरी. त्यापलीकडे हे गणित फिरते.

करार संपल्यावर फ्रँचायझीदार तसाच धंदा करू शकत नाही, हा शेवटचा आणि महागात पडणारा गैरसमज. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि कराराच्या मुदतीनंतरची अशी बंदी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. मूळ मालकाला पाटी उतरवून घेता येते. शिकलेला हात आणि रोजचे गिऱ्हाईक तिथेच राहते. म्हणून सही करण्याआधी जागेचा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे, तेवढे पाहून घ्यावे.