दीड टक्का सिलिकॉन

पत्र्याला गंजापासून वाचवायचे दोन उपाय पोलाद कारखान्यांना ठाऊक होते आणि दोन्ही अपुरे होते. जस्ताचा लेप दिला, तर ओरखड्यापाशी आणि कापलेल्या कडेपाशी जस्त आधी झिजते, लोखंड वाचते. पण खाऱ्या हवेत ते भराभर संपते. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा धरतो, म्हणून ते दीर्घकाळ टिकते. उघड्या कडेला मात्र ते तांबेऱ्यापासून वाचवत नाही.

मग दोन्ही एकत्र का वितळवू नयेत? अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलचे अँजेलो बोर्झिलो आणि जेम्स हॉर्टन १९६०च्या दशकात याच प्रश्नामागे लागले. जस्तात अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेले, की तो रस लोखंडावर तुटून पडतो. त्या अभिक्रियेतून उष्णता सुटते, उष्णतेने ती आणखी भडकते आणि लेपाचे ठिसूळ संयुग बनते. पत्रा वाकवला, की खपल्या! अशा पत्र्याला पन्हळी पाडणार कशा?

तोड निघाली ती सिलिकॉनने. रसात जेमतेम दीड टक्का घातले आणि लोखंडाच्या सीमेवरच अभिक्रिया लगामात आली. लेप पातळ राहिला, वाकू लागला.

आता प्रमाण ठरवायचे होते, आणि ते प्रयोगशाळेत ठरणारे नव्हते. कमी-जास्त अ‍ॅल्युमिनियमचे नमुने उघड्यावर मांडले गेले: कुरे बीचच्या खाऱ्या वाऱ्यात, बेथलेहेमच्या धुरात, सेलर्सबर्गच्या गावाकडच्या हवेत. वर्षे गेली. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियमचा नमुना सरस ठरला.

याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि मला तरी या शोधातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. रस थंड होताना अ‍ॅल्युमिनियमच्या फांद्या आधी गोठतात. उरलेले जस्त त्यांच्या फटींत जाळ्यासारखे पसरते. गंज आधी जस्तावर येतो, पण त्यातून बनलेले क्षार त्याच फटींत अडकून वाट बुजवतात. फांद्या शाबूत राहतात, आणि कडेला जस्त आपले काम करतच असते.

१९७२ मध्ये हा पत्रा ‘गॅल्व्हल्युम’ नावाने बाजारात आला. आपल्याकडे वासिंद-तारापूरलाही तो बनतो. छपरांच्या कित्येक रंगीत पत्र्यांखाली हाच लेप असतो. मात्र अ‍ॅल्युमिनियमला अल्क सोसत नाही. ओले सिमेंट किंवा चुना त्याला लागू देऊ नये, आणि गुरांच्या बंदिस्त गोठ्यावर, जिथे अमोनिया साचतो, तो घालण्याआधी दहादा विचार करावा.