पिस्तुलाचे काडतूस आणि हरणाची शिकार

श्रोतेहो, गतवर्षीच्या मालेत बंदुकीच्या दारूचा इतिहास आम्ही सांगितला, तेव्हा शेवटी आलेल्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी निराळी होती. ती एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. त्यांचे जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. जावईबापूंनी नेमबाजीच्या हौसेने नऊ मिलिमीटरची एक कार्बाइन घेतली आहे. कचेरीतले स्नेही त्यांना नोव्हेंबरअखेर हरणाच्या शिकारीला चला म्हणून आग्रह करीत आहेत. आणि हीच बंदूक तेथे चालेल काय, असा त्यांचा विचार चालला आहे. बाईंनी पुढे लिहिले होते, ‘शिकार करावी की करू नये हे मी विचारीत नाही. तो देश वेगळा, कायदा वेगळा. जनावराचे हाल होतील काय, एवढेच सांगा.’ त्या सायंकाळी वेळ संपली होती. प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

कार्बाइन हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आणि पहाऱ्यावरील पोलिसाच्या खांद्यावरून ओळखीचा झाला आहे. मूळ अर्थ एवढाच, की आखूड नळीची रायफल. घोडेस्वाराला लांब बंदूक आवरत नसे, त्याच्यासाठी ती निघाली. तिच्यात रायफलचेच काडतूस भरीत. परंतु काही कार्बाइनींत पिस्तुलाचे वा रिव्हॉल्व्हरचे काडतूस घालतात, आणि सगळी गोम येथेच आहे. बाहेरून पाहावे तर दस्ता खांद्याला, नळी हातभर, रूप सारे रायफलचे. पोटात मात्र काडतूस पिस्तुलाचे. माणूस रूपाला फसतो.

आता थोडी वजनेमापे. इंग्रजी शिकारी गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे अवघड जाऊ नये, कारण आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा, म्हणजे मासा १५ ग्रेनांचा. नऊ मिलिमीटरची नेहमीची गोळी ११५ ग्रेन, म्हणजे पावणेआठ माशांच्या आतबाहेर. .४४ मॅग्नमची गोळी २४० ग्रेन, बरोबर १६ मासे. आणि मोठ्या जनावरांसाठी सर्रास वापरली जाणारी .३०८ रायफलची गोळी पुष्कळदा १५० ग्रेन, अवघी १० मासे! मग १६ माशांपेक्षा १० मासे भारी कसे ठरतात? वेगामुळे. गोळीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ही ऊर्जा फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास लागते ती एक फूट-पौंड.

हे मनात धरून आकडे पाहावेत. नऊ मिलिमीटरची ११५ ग्रेनची गोळी १६ इंची नळीतून सेकंदाला साधारण १३०० फूट वेगाने सुटते. ऊर्जा ४३० फूट-पौंडांच्या आसपास. शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत त्यातली अडीचशेच्या सुमारास उरते. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी कार्बाइनमधून १८३० फुटांनी निघते. तोंडाशी ११७५, शंभर यार्डांवर ७१५. .४४ मॅग्नम तोंडाशी १६५०, शंभर यार्डांवर १०१५. आणि अमेरिकेत हरणाच्या शिकारीत शंभरहून अधिक वर्षे मुरलेले .३०-३० हे रायफलचे साधे काडतूस १७० ग्रेनच्या गोळीला तोंडाशी १८२७ व शंभर यार्डांवर १३५५ देते. .३०८ तर २६००च्या वर जाते.

नळी लांब केली की बळ वाढते, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धे खरे आहे. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची, म्हणून त्याच्या काडतुसात दारू थोडी आणि झटकन जळणारी घालतात. दहा-बारा इंचांपर्यंत तिचा जोर बहुतेक संपलेला असतो. पुढची नळी गोळीला फारसे काही देत नाही. म्हणून नऊ मिलिमीटरला कार्बाइनमुळे सेकंदाला शे-दीडशे फुटांचाच लाभ. मॅग्नम काडतुसांत दारू अधिक आणि सावकाश जळणारी असते, ती लांब नळीत शेवटपर्यंत गोळीला रेटते. तेथे लाभ चार-पाचशे फुटांचा होतो. तेव्हा ‘पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन शिकारीला योग्य काय’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कोणते काडतूस, हे आधी विचारावे लागते.

या बंदुकांचे कूळ जुने आहे. १८७३ साली विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध रायफल काढली, ४४-४० काडतुसाची. पहिला आकडा नळीच्या मापाचा, दुसरा काळ्या दारूच्या ग्रेनांचा. काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले, आणि पश्चिमेकडच्या गुराख्याला कमरेच्या एका पट्ट्यातून दोन्ही शस्त्रे भरता येऊ लागली. रानात दुकान कोठून असणार? सोय ती केवढी! त्या ४४-४० ने अगणित हरणे मारली, असे तिकडे आजही अभिमानाने सांगतात आणि ते खोटे नाही. ऊर्जा मात्र तोंडाशी सवासहाशेच्या घरात. मग आमची वरची आकडेमोड फुकट म्हणावी काय?

आम्हांस तसे वाटत नाही. मारलेल्या हरणांची मोजदाद झाली. जखमी होऊन झाडीत शिरली आणि पुन्हा दिसली नाहीत त्यांची कोणी केली? शिवाय त्या गुराख्याला पोट भरायचे होते. तो जवळ जाई, पुष्कळ वेळ थांबे, आणि एका गोळीने भागले नाही तर दुसरी झाडी. १८९५ साली बिनधुराच्या दारूचे .३०-३० बाजारात आले, तेव्हा याच लोकांनी हरणासाठी ४४-४० हळूहळू बाजूला ठेवले. वापरणाऱ्यांचा हा कौल आम्हांस कोणत्याही कोष्टकापेक्षा मोलाचा वाटतो.

मॅग्नम काडतुसे पुढची. .३५७ मॅग्नम १९३५ सालचे. .४४ मॅग्नम १९५५च्या अखेरीस आले. त्यासाठी एल्मर कीथ नावाच्या शिकारी लेखकाने वर्षानुवर्षे लकडा लावला होता. १९६१ मध्ये रुगर कंपनीने .४४ मॅग्नमची आपोआप भरणारी कार्बाइन काढली, ती खास झाडीतल्या हरणासाठी. म्हणजे पिस्तुलाचे काडतूस शिकारीच्या कार्बाइनमध्ये घालण्याची कल्पना वेडगळ मुळीच नाही. नऊ मिलिमीटरचे कूळ मात्र निराळे. १९०२ साली जर्मनीत गेओर्ग लुगर याने ते सिद्ध केले ते लष्करी पिस्तुलासाठी, माणसासाठी. त्याच्या जन्मपत्रिकेत हरीण नव्हतेच.

आता गोळी जनावराला मारते कशी, हे पाहू. येथे ऐकीव समजुती फार. धक्क्याने जनावर मरते, ऊर्जेने उलथते, असे म्हणतात. तसे सहसा होत नाही. हरीण मरते ते रक्त वाहून गेल्याने आणि मेंदूला रक्त न पोहोचल्याने. गोळी दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेली, तरी ते बहुधा पन्नास-शंभर यार्ड धावते आणि पडते. रायफलची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक वेगाने शिरते तेव्हा वाटेच्या आजूबाजूचे मांसही ताणले जाऊन फाटते. पिस्तुलाच्या गोळीला तो वेग नसतो. तिला जे प्रत्यक्ष लागते तेवढेच ती फाडते. म्हणून तिने पाडलेले भोक मूळचेच मोठे हवे आणि पलीकडे निघालेले हवे. .४४ची गोळी न फुलताही अकरा मिलिमीटरची वाट पाडते, आणि वजनामुळे खांद्याचे हाड फोडून पुढे जाते.

नऊ मिलिमीटरपुढे मात्र पेच पडतो. पोकळ तोंडाची गोळी घ्यावी, तर ती माणसाच्या देहासाठी जुळवलेली. लवकर फुलते आणि खांद्याच्या हाडावर बसली तर छातीत खोलवर पोहोचेलच असे नाही. पूर्ण आवरणाची घ्यावी, तर ती आरपार जाईल, पण भोक बारीक. कातडी आणि चरबी सरकून ते झाकले जाते, रक्ताचा माग सापडत नाही. शिवाय अशा गोळीला तिकडे अनेक राज्यांत शिकारीसाठी मनाईच आहे.

१९६८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा अकरा-बारा वर्षांचे, आजोळी कोकणात. नाचणीत रानडुकरे येत. मामांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका रात्री त्यांनी डुकरावर बार टाकला. आवाज डोंगरावरून परत आला. आम्ही मुलांनी टाळ्या पिटल्या. घाईत मामांनी गोळीऐवजी छर्रे भरले होते. सकाळी बांधावर थोडे रक्त दिसले, पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीतून वास आला. डुकराने जमीन उकरून ठेवली होती. ते तेथे बराच वेळ जिवंत होते, हे आमच्यासारख्या पोरालाही कळले. मामा काही बोलले नाहीत. बंदूक खुंटीला लागली ती त्यांनी कित्येक महिने काढली नाही. बाईंची चिठ्ठी वाचताना आम्हांस ती जाळी आठवली, आणि या विषयाला आम्ही आकड्यांचा खेळ मानीत नाही तो त्यामुळे.

यावर हमखास एक आक्षेप येतो: नेम अचूक असला की कोणतीही गोळी पुरते. खरे आहे, पण कागदी लक्ष्य हलत नाही. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंच व्यासाची. चाप ओढता ओढता ते पाऊल टाकते, आड फांदी येते, पहिल्यांदा शिकारीला गेलेल्याचे काळीज धडधडत असते. आणि दोन-चार इंच चुकले, तर जोरदार काडतुसाजवळ थोडी सवलत असते, दुबळ्याजवळ नसते. त्यात नऊ मिलिमीटरची गोळी पन्नास यार्डांवर नेम बांधला तर शंभरावर पाच-सहा इंच खाली उतरते. .४४चा नेम शंभरावर बांधला, तर दीडशेवर ती सुमारे सात इंच खाली.

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी या प्रश्नावर आपापली रेघ ओढली आहे, आणि त्या रेघा पाहण्याजोग्या आहेत. कोलोरॅडो राज्यात रायफलने हरीण मारायचे तर शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड हवेत; .३५७ नापास, .४४ काठावर पास. इंग्लंडचा १९९१ चा हरीणविषयक कायदा मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशीच १७०० मागतो, तेथे.४४सुद्धा बाहेर राहते. जर्मनीत लहानग्या रो हरणाला शंभर मीटरवर १००० ज्यूल, म्हणजे सुमारे ७४० फूट-पौंड, आणि त्याहून थोर जनावरांना दुप्पट. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हौशी शिकार संपुष्टात आली; पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरापुरती अधिकाऱ्याच्या सकारण लेखी आदेशाची वाट आहे, आणि नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्येच मोडते.

ओहायोचा कायदा वेगळ्या चिंतेतून आला. तो मुलूख सपाट, शेतावाड्यांनी भरलेला. रायफलची गोळी चुकली तर दूरवरच्या घरापर्यंत जाईल. म्हणून तेथे कित्येक वर्षे हरणासाठी मुख्यतः अखंड शिशाच्या गोळीची, म्हणजे स्लगची, छऱ्याची बंदूकच चाले. २०१४ पासून सरळ पुंगळीच्या काडतुसांच्या रायफली चालू लागल्या: व्यास किमान .३५७, कमाल .५०. नऊ मिलिमीटरच्या गोळीचा व्यास .३५५. जावईबापूंची कार्बाइन कायद्याच्या उंबरठ्यावरच अडते! आम्ही एवढी पाने खर्चिली त्याऐवजी हे एक वाक्य पुरले असते, असे कोणी म्हणेल. पण बाईंनी कायदा विचारला नव्हता, हाल विचारले होते.

तर उत्तर असे. नऊ मिलिमीटरची कार्बाइन हरणासाठी नको. कायद्याने दिली असती तरी नको. .३५७ चांगल्या, न फुटता फुलणाऱ्या गोळीसह पन्नास-साठ यार्डांपर्यंत, आणि तेही ज्याचा हात बसला आहे त्याच्यासाठी. .४४ मॅग्नम शंभर यार्डांपर्यंत निःशंक. ओहायोच्या झाडीत बहुतेक हरणे त्याहून जवळच दिसतात. त्यापुढच्या अंतराचा मोह सोडावा. आणि नवी बंदूक घ्यायची नसेल, तर स्नेह्याची बारा बोअरची स्लग बंदूक उसनी मागावी. तिच्या एक औंसाच्या गोळीला तोंडाशी २४०० फूट-पौंडांच्या आसपास बळ असते, फक्त खांद्याला धक्का जबर बसतो. ती घेऊन आधी दोन-तीन दिवस लक्ष्यावर सराव करावा.

एक गोष्ट राहिली. बार टाकल्यावर हरीण धावले तर लगेच मागे धावू नये. ते उभे होते ती जागा आणि शेवटचे दिसले ते झाड मनाशी पक्के करावे, अर्धा तास घड्याळ लावून बसावे, आणि मग पहिल्या जागेवरून रक्त पाहत सावकाश जावे. पाठलाग झाला नाही तर जखमी जनावर बहुधा जवळच बसते आणि तेथेच प्राण सोडते. मागे माणूस लागला तर ते मैलभर जाते. माग तुटला तर शेवटच्या थेंबाशी रुमाल बांधून ठेवावा आणि तेथून वाढत्या घेऱ्यांनी शोधावे, अंधार पडला तर कंदील घेऊन, नाहीतर उजाडताच पुन्हा.