कोंबाची शिदोरी किती दिवसांची?

मृगाची एक दमदार सर येऊन गेली, की शेजाऱ्याची तिफण शिवारात दिसू लागते आणि आपल्याला घरात बसवत नाही. “त्याचे पेरून झाले, आपले राहिले” ही रुखरुख, वाचक हो, कोणाला चुकली आहे? पण पेरण्याची घाई आपली. उगवायचे बियाला असते. त्याच्या गरजा भागल्या नाहीत तर दुबार पेरणी ठरलेली, आणि बी, खत, मजुरी पुन्हा घरातूनच जाते.

सोयाबीनचा एक दाणा हातात घ्या. त्याच्या दोन डाळिंबांत कोंबाची सगळी शिदोरी बांधलेली आहे. मूळ खाली उतरून, पान हिरवे होऊन रोप स्वतःचे अन्न करू लागेपर्यंत त्याला एवढ्यावरच निभवायचे असते. वाटेत जितका खोळंबा, तितकी शिदोरी सरत जाते.

सर्वांत मोठा खोळंबा अर्धवट ओलीचा. मोड फुटण्यापूर्वी सोयाबीनच्या दाण्याला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी प्यावे लागते. मक्याचे सुमारे एक तृतीयांशावर भागते. म्हणून ज्या ओलीवर मका उगवतो त्याच ओलीवर सोयाबीन रुसून बसते. वरची दोन बोटे जमीन ओली आणि खाली फुफाटा, अशा ठिकाणी दाणा फुगतो, साल चिरते आणि पुढे पाणीच मिळत नाही. फुगलेल्या दाण्याला पुन्हा पहिल्यासारखे होता येत नाही. तो बुरशीच्या तोंडी जातो. ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन-चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते ते यासाठी. पावसाचा आकडा कळला नाही तर शेतात दोन-तीन ठिकाणी वीतभर खणून पाहावे. ओल कोठवर पोचली ते डोळ्यांनाच दिसते.

पाणी फार झाले तरीही पंचाईतच. बी श्वास घेते. चिखलात हवा कोंडते आणि मोड तेथेच सडतो. म्हणून पाऊस हवा तसा वाफसाही हवा, आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत रुंद वरंब्यावर पेरलेले सोयाबीन तग धरते, कारण जादा पाणी सरीतून निघून जाते.

पेरणीवर धो-धो पाऊस पडला आणि लगेच कडक ऊन तापले, तर जमिनीवर पापुद्रा धरतो. ज्वारीचा कोंब टाचणीसारखा असतो. तो पापुद्र्याला भोक पाडून वर येतो. सोयाबीनचे तसे नाही. ते मान वाकवून, दोन्ही डाळिंबे डोक्यावर घेऊन वर चढते. पापुद्रा टणक असेल तर ओझ्याखाली मान मोडते. उगवण दिसण्याआधीच बोरीची काटेरी फांदी हलक्या हाताने ओढून पापुद्रा फोडलेला बरा. माना वर आल्यावर ओढाल तर त्याच मोडतील.

तुरीची गंमत वेगळी. तिची डाळिंबे जमिनीतच राहतात आणि डोळेही तेथेच, मातीच्या पोटात. वरचा शेंडा खुडला गेला तरी तूर खालून पुन्हा फुटू शकते. सोयाबीनची मान डाळिंबांच्या खाली तुटली, की त्या रोपाची आशा सोडावी. एकाच शेतात तूर सावरते आणि शेजारचे तास विरळ होते, त्यामागे हेही एक कारण असते.

मान तोडणाऱ्यांत अलीकडे वाणीचा, म्हणजे काही भागांत ज्याला पैसा म्हणतात त्या किड्याचा, उपद्रव मराठवाडा-विदर्भात बराच दिसतो. दिवसा तो काडीकचऱ्याखाली लपतो, रात्री फुगलेले बी आणि कोवळी रोपे कुरतडतो. संध्याकाळी शेतात गवताचे लहान ढीग ठेवावेत, सकाळी त्याखाली जमलेल्या वाणी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. घरातल्या पोरांना हे काम आवडते, फक्त हात धुवायला लावा.

पण कधीकधी दोष ना पावसाचा ना किड्याचा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या तोंडावरच पावसाने पीक भिजवले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. भिजून वाळलेला दाणा दिसायला ठीक असतो, आत मात्र खचलेला. त्यात सोयाबीनची साल पातळ. मळणी यंत्र जोरात फिरले, पोते उंचावरून आपटले, थप्पी सात पोत्यांहून उंच गेली, तरी दाण्याला इजा होते.

म्हणून घरचे असो वा विकतचे, बी तपासल्याशिवाय पेरू नका. घरातल्या बाईमाणसालाही सहज जमेल असे हे काम. निवड न करता १०० दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाका, अलगद गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उलगडून जोमदार मोड तेवढे मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा. ६० च्या घरात असतील तर बियाचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवा. त्याहून कमी असेल तर ते पोते बियाणे म्हणून वापरू नका. औषध लावलेले नसेल तर बाजारात धाडा, आणि वाफसा येण्याआधी दुसऱ्या बियाची सोय पाहा.