रॅम्प झाला, पुढे काय?

झेडपीच्या शाळेत अपंगत्व असलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण ते मूल वर्गात बसते का, शिकते का, हे विचारण्याचा अधिकार गावाकडेच आहे, हे कमी जणांना ठाऊक असते. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अशा मुलांचा शोध, प्रवेश, सोयी आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवणे हे तिचे नेमून दिलेले काम आहे. प्रत्यक्षात सभा रंगरंगोटी आणि खिचडीवरच उरकते!

अडचण बहुधा रॅम्पची नसतेच. तो बांधला की फोटो निघतो. मोठ्या अक्षरांची पुस्तके, वापरता येईल असे स्वच्छतागृह, ठरल्या दिवशी येणारा विशेष शिक्षक, परीक्षेत जादा वेळ या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्या मागून घ्याव्या लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली. अध्ययन अक्षमताही त्यात आहे. म्हणजे ‘मठ्ठ’ ठरवलेले मूलही हक्कदार असू शकते.

एकट्या आईची तक्रार सहज टाळली जाते. चार पालकांनी सही केलेला अर्ज समितीला देऊन पोच घ्या आणि विषय सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. दाद लागली नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.