दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि मूळ शोधनिबंध

दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे हिरड्यांना सूज येते, हे वाक्य दंतवैद्यकाच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात आढळते. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे रोग्यालाही तेच सांगतो. परंतु हे कशावरून ठरले, असे कोणी विचारले की तो गोंधळतो. ह्याचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत मावणारे नाही. त्यासाठी मूळ शोधनिबंधच उघडावा लागतो.

हा निबंध १९६५ साली ‘जर्नल ऑफ पीरिओडॉन्टॉलॉजी’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हॅराल्ड लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे हा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे सोडून दिले. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्याच हिरड्या सुजल्या. दात पुन्हा स्वच्छ होऊ लागताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दरम्यान दातांवरील थरातले जंतूही पालटत गेले : आधी गोलाकार, मग तंतूंसारखे, शेवटी मळसूत्री. आणि गंमत अशी की, त्या बारांपैकी ९ जण दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते! ज्या सिद्धांताची घोकंपट्टी आपण करतो, तो आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या तोंडी सिद्ध झाला, हे किती जणांस ठाऊक असते?

मात्र निबंध वाचताना त्यात काय नाही, हेही पाहावे. माणसे अवघी बारा, तीही बहुतेक तरुण. अवधी थोड्या आठवड्यांचा. दात न घासणाऱ्या प्रत्येकाचे हाड झिजते आणि दात पडतात, असे त्यात कोठेही सिद्ध झालेले नाही. त्यासाठी लो ह्यांचाच १९८६ सालचा दुसरा निबंध घ्यावा. श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांची पाहणी १९७० पासून पंधरा वर्षे झाली. हे लोक दात घासत नसत. हिरड्यांचा दाह सर्वत्र होता. परंतु आधारपेशींचा नाश सुमारे ८ टक्क्यांत झपाट्याने झाला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत रोग हिरड्यांच्या पुढे गेलाच नाही. (इतकी वर्षे केवळ निरीक्षण करणाऱ्यांचे त्या मजुरांविषयी काय कर्तव्य होते, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला, तर तो अवश्य विचारावा.)

आता रोगी म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आमच्या आजोबांनी जन्मात कधी दात घासले नाहीत, तरी बत्तिशी शाबूत होती.” केवळ पुस्तक वाचलेला डॉक्टर चिडतो किंवा हसतो. दोन्ही निबंध वाचलेला शांतपणे सांगतो, “आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील, तुम्ही कोणत्या गटात आहात, हे मात्र आज सांगता येत नाही.”

निबंध वाचावा कसा? निष्कर्षाकडे धावू नये. आधी पद्धतीचा भाग व कोष्टके पाहावी : माणसे कोण, किती, किती दिवस, तुलना कशाशी? इंग्रजी जड वाटते, ही अडचण खरी आहे. पण शब्दकोश जवळ घेऊन दोघा-तिघांनी मिळून वाचले की ती ओसरते. ‘पबमेड’ ह्या संगणकीय सूचीवर बहुतेक निबंधांचे सारांश विनामूल्य मिळतात. १९६५ चा तो निबंध तर अवघा ११ पानांचा आहे. दोन संध्याकाळी त्यास पुरतात.